बांधावरचा बगळा

आमच्या बाबांना माझं काम समजावून सांगितलं, ही माझी पहिली चूक. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींनी काढलेल्या चित्रांत मी तपकिरी बटू न्याहाळते. म्हणजे ग्रहापेक्षा मोठे, पण पेटून तारा होणं काही न जमलेले. त्यांच्याजवळ कुणी जोडीदार, म्हणजे एखादा ग्रह, आहे का, ते शोधते.

"म्हंजे नापास तारा," बाबा म्हणाले, "आनि तू त्याचं बिऱ्हाड शोधतेस."

एका बटूजवळ मला अंधुक ठिपका दिसला. आता वर्षभर थांबून पुन्हा चित्र घ्यायचं. तोवर बटू आकाशात किंचित सरकतो. ठिपकाही सोबत सरकला, तर तो त्याचा. जागीच राहिला, तर मागचा कुठलातरी लांबचा तारा. हे सांगताना मला घाम फुटला. खाडीकाठी जन्मभर भातशेती केलेल्या बाबांनी चहा फुंकत निकाल दिला, "टॅक्टरबरोबर चालतो तो आपला बगळा. बांधावरचा नुसता जवळ दिसतो."

माझ्या प्रबंधातली दोन पानं त्यांनी एका दमात उरकली, याचा मला अजून राग आहे.

मग वर्षभर रोज सकाळी एकच प्रश्न, "बगळा चालला का?" एकदा वैतागून मी ओरडले, "चालणारच आहे!" त्यांनी तेवढंच धरलं. तिसऱ्या दिवशी नाक्यावर माझ्या फोटोचा बॅनर: 'गावच्या कन्येने ग्रह शोधला, हार्दिक अभिनंदन!' तुळिंजच्या बाजारात त्यांच्याकडून मेथी घेणाऱ्यांनाही जुडीबरोबर बातमी मिळत होती. उतरवा म्हटलं, तर म्हणाले, "आठ दिसांत चित्र येतंय ना?"

आलं. बटू सरकला होता. ठिपका तिथेच.

मी चारदा तपासलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. ग्रहापेक्षा बॅनरसाठीच जास्त. आता बाजारात बाबांना काय काय ऐकावं लागणार! "बांधावरचा निघाला," एवढंच त्यांना सांगितलं. ते कोयता घेऊन बाहेर पडले.

संध्याकाळी मी शेतावर गेले, तर पेंढ्याच्या उडवीवर बॅनर अंथरलेला. पांढरी बाजू वर, माझं तोंड खाली. त्यांना लाज वाटली असणार, दुसरं काय! मला फार वाईट वाटलं.

"बरं केलंत, झाकलंत ते," मी म्हणाले.

"झाकतोय कशाला?" बाबा दोरी आवळत म्हणाले. "उनानं फोटूचा रंग उडंल, म्हनून आत घेतला. पुढच्या टायमाला पुन्हा नवा कशाला छापायचा?"