फडकं आणि फाळका

साऱ्या मराठवाड्यात माणसानं हात लावू नये अशी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे आमच्या दाजींचा ट्रक. तुम्ही कलेक्टरसाहेबांच्या खुर्चीला हात लावा, फार तर शिपाई ओरडेल. पण लातूरच्या रिंगरोडला दाजींच्या वर्कशॉपात उभ्या असलेल्या त्या लांब नाकाच्या जुन्या ट्रकला नुसतं बोट टेकवलंत, तर बोट उचलायच्या आत दाजींचं फडकं तिथं आलेलं असतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंगानं किरकोळ, मिशीनं भारदस्त, आणि खांद्यावर कायम पिवळं फडकं. लग्नाच्या फोटोतही त्यांच्या खांद्यावर काहीतरी पिवळं दिसतं. तो शेला आहे असं ताई शपथेवर सांगते, पण आमच्या घरात त्यावर कुणाचा विश्वास नाही.

ही गाडी त्यांना सापडली उमरीला. गेले होते लग्नाला. अक्षता पडायच्या आत गायब! पंगत उठली तरी पत्ता नाही. ताई शोधत शोधत गेली तर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागं हा माणूस नव्या सफारीत बाभळीच्या काट्यांत शिरलेला. ती बाभळ ट्रकच्या बॉनेटमधून वर आली होती आणि भंगारवाला कटर घेऊन यायचाच बाकी होता. दाजी आतूनच ओरडले, "इंजिन जाम न्हाई गं! नुसतं रुसलंय!" मग ते रुसलेलं धूड दुसऱ्या ट्रकला बांधून लातूरला आलं. पुढची कित्येक वर्षं त्याचा रुसवा काढण्यात गेली. नांदेडच्या जुन्या बाजारात एकेका नोझलसाठी दाजी असे फिरले, जसे लोक मुलीसाठी स्थळं शोधत फिरतात. ज्या सकाळी त्या इंजिनानं पहिला काळा धूर सोडला त्या सकाळी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. माझ्या भाचीच्या बारशाला बत्तासे होते, हे ताई अजून बोलून दाखवते.

त्यानंतर दाजींचं नाव झालं. किनवटकडून लाकडं ओढून थकलेले ट्रक, देगलूरकडून मिरची वाहून खोकणारे ट्रक, सगळे त्यांच्या दारात येऊन उभे राहायचे. दाजी पेशंट तपासावा तसा ट्रक तपासतात. लांब पान्ह्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. मग निदान. "खोकला छातीतला न्हाई, घशातला हाय. डिझेलचा फिल्टर बदला." एका मालकानं आपल्या जुन्या ट्रकला रंगीत दिवे आणि दणदणीत स्पीकर बसवून मागितले, तर दाजींनी त्याला शांतपणे विचारलं, "तुमच्या आजीला गॉगल घालून वरातीत नाचवता का?" गिऱ्हाईक गेलं. दाजींना त्याचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी स्पेशल चहा मागवला.

पण फडक्याची खरी कमाल झाली ती भाचीला बघायला नांदेडचे पाहुणे आले तेव्हा. मुलाचे वडील बोलता बोलता ट्रकच्या मडगार्डला रेलून उभे राहिले. दाजींनी आधी त्यांच्या उजव्या बाजूनं पुसलं, मग डाव्या बाजूनं, आणि शेवटी अगदी नम्रपणे म्हणाले, "पाव्हणं, जरा कोपर उचलता का?" ताईनं कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, संपलं, पोरगी आता घरातच राहते. पाहुणे मात्र पोट धरून हसले. रात्रीच्या जेवणाला दाजींचा निकाल तयार होता. "पोरगं लई संस्कारी हाय. घंटाभर गाडीजवळ उभं व्हतं, हात पाठीमागं. एक बोट लावलं न्हाई." दुसरी काहीही चौकशी न करता त्यांनी लेक दिली, आणि नशीब बघा, जावई हिरा निघाला. सासऱ्यावर त्याचा असा जीव, की पोटच्या पोराचा नसेल.

मग लातूर बदललं. वर्कशॉपच्या दोन्ही अंगांना होस्टेलं उठली, समोर मेस, वर क्लासच्या पाट्या. त्यातल्याच एका क्लासात मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून दाजी मला चारचौघांत 'सर' म्हणतात आणि लगेच 'तू' म्हणतात. "सर, तू मागं सरक, सावली पडायली गाडीवर." कुणा पोरानं परीक्षेला जाताना ट्रकच्या नाकाला हात लावून नमस्कार केला आणि त्याला मेडिकल मिळालं. झालं! दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या सकाळी फाटकाबाहेर ही रांग! दाजी फडकं घेऊन फाटकात आडवे. "लांबून! लांबून करा! देव लांबूनबी ऐकतो!" पोरं लांबून हात जोडायची आणि दाजी मान ताठ करून ट्रकच्या वतीनं नमस्कार स्वीकारायचे. त्यांच्यातलं कुणी डॉक्टर झालं की त्याचं अर्धं श्रेय ते इंजिनाला आणि उरलेलं डिझेलला देतात. माझं नाव त्यात नसतं.

आता एवढं सगळं पुसणारा हा माणूस गाडीची एक जागा मात्र कधीच पुसत नसे. मागचा फाळका, म्हणजे माल उतरवताना खाली सोडतात ती लाकडी फळी. दर दसऱ्याला गाडीला नवा रंग, पण फाळक्याला नाही. त्यावर होते हळदीकुंकवाच्या हातांचे पुसट ठसे, आणि त्यांच्यावर वर्निशचा हात. नव्या माणसाला दाजी त्याबद्दल एक अक्षर सांगत नसत. मला सांगायची गरज नव्हती, मी तिथं होतो.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी याच गाडीतून आमच्या गल्लीचा गणपती विसर्जनाला गेला होता. पहाटे धरणी हलली. उजाडता उजाडता किल्लारीकडून बातम्या येऊ लागल्या तशी दाजींनी गाडी काढली. मागं पाण्याची पिंपं, ताडपत्र्या, गल्लीतल्या बायकांनी थापलेल्या भाकरी आणि मी. तिथं काय पाहिलं ते मी कधी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. पुढं कित्येक दिवस ती गाडी थांबली नाही. पाणी नेलं, पत्रे नेले, माणसं नेली. नव्या गाड्या चिखलात रुतायच्या आणि आमची ही म्हातारी कण्हत कण्हत त्यांना ओढून काढायची. तेव्हा माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका. शेवटच्या खेपेला एका गावातली उरलेली माणसं पत्र्याच्या शेडांत राहायला नेली. उतरल्यावर एक मावशी थांबली. मदतीच्या सामानात कुणीतरी हळदकुंकू धाडलं होतं, ते तिनं कालवलं. नव्या घरात शिरताना बाई दाराशी हाताचे ठसे उमटवते. शेडला कसलं दार? पुढं गोणपाट टांगलेलं. तिनं ट्रकच्या फाळक्यावर हात उमटवले. तिच्यामागून बाकीच्या बायकांनीही. दाजींच्या खांद्यावर फडकं होतं. त्यांनी ते काढलं आणि त्यात तोंड खुपसून हा माणूस ढसाढसा रडला.

आणि यंदा, दसऱ्याला महिना असताना, दाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला लेकीकडे गेले, सोबत ताई आणि मी. सासऱ्यांना खूश करावं म्हणून जावयानं गुपचूप लातूर गाठलं, चांगला पेंटर लावला आणि गाडी नखशिखांत रंगवून घेतली. फाळका घासून लख्ख केला, त्यावर कमळ काढलं. बिचाऱ्यानं जन्मात पहिल्यांदा त्या गाडीला हात लावायचं धाडस केलं होतं, तेही प्रेमानं! दाजी काळा चष्मा लावून परत आले. नाकापासून कौतुक करत निघाले, "व्वा जावईबापू, व्वा! काय हात हाय पेंटरचा!" असं करत करत मागं फाळक्यापाशी आले. ताईनं पदर तोंडाला लावला. जावई हात पाठीमागं बांधून हसत उभा होता. दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कमळ छान हाय," म्हणाले आणि घरात गेले. नंतर ताईनं जावयाला सारं सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसून रडला. पण दाजी त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रोज चहाच्या आधी सुरू होणारं ते इंजिन बंद झालं. होस्टेलची पोरं मला विचारू लागली, "सर, गाडी बिघडली का?" दसऱ्याच्या सकाळी मी गेलो तर दाजी धुतलेला सदरा घालून स्टिअरिंगवर बसलेले. "चल. त्यांना जाऊन सांगाया पायजे. ठेव त्यांची व्हती, मला राखता आली न्हाई." अख्ख्या जन्मात या माणसानं कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती, ताईचीसुद्धा.

शेवटच्या खेपेचं ते गाव आता नव्या जागी वसलंय, रस्ते सरळ, घरं ओळीनं. ट्रक पाराजवळ थांबला तशी माणसं जमली. ती मावशी काठी टेकत आली. वाकली होती पार. दाजी खाली मान घालून म्हणाले, "मावशी, तुमचे हात पुसले गेले. माझ्या घरात पुसले गेले."

मावशीनं फाळका न्याहाळला, कमळावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "येडा का खुळा रं तू? तवा दार न्हवतं म्हणून तुझ्या गाडीला लावले. आता दारं हायती की घरोघर! चल दावते." आणि दाजींचा हात धरून तिनं त्यांना ओळीतल्या पहिल्या घरापासून नेलं. प्रत्येक दाराशी ठसे होते, सुनांचे, नातसुनांचे, काही अजून ओले दिसावेत इतके लाल. दाजी एकेका दारापुढं थांबत होते. इकडं गावातली सगळी चिल्लीपिल्ली ट्रकवर चढली होती, बॉनेटवर, मडगार्डवर, भोंग्यावर. दाजींनी ते पाहिलं आणि ते पुढच्या दाराकडं वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाच्या आवाजानं सगळी होस्टेलं जागी झाली. मी गेलो तेव्हा दाजी खुर्चीत बसून चहा पीत होते. ट्रकच्या नव्याकोऱ्या रंगावर नाकापासून फाळक्यापर्यंत नुसते बोटांचे ठसे, गुळाचे, धुळीचे. मला राहवलं नाही. खुर्चीच्या पाठीवरचं पिवळं फडकं उचललं आणि पुढं झालो.

"ए सर," दाजी बशी खाली ठेवत ओरडले, "काय करायलास? हात लावू नको गाडीला."