जागच्या जागी बारी

आमच्या आतोबांइतका वेगवान माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा नाही, आणि गेले कित्येक महिने ते गोठ्यापलीकडे गेलेले नाहीत. बैलगाडा शर्यतीत दर बारीला, म्हणजे गाड्याच्या दर दौडीला, बैलांपुढे घोडी पळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण घोडीवरून ते कधी पडले नाहीत. पडले ते आळेफाट्याला, हॉटेलच्या पायरीवरून. खांदा मोडला. हातातली भजी मात्र वाचली, हे ते आवर्जून सांगतात. डॉक्टर म्हणाले, हात झोळीत राहू द्या, पण पाय आखडू देऊ नका. तेव्हा चाकणला नोकरी करणाऱ्या मुलाने व्यायामाची सायकल आणून दिली, जागच्या जागी चालणारी. आतोबांनी ती घरातून उचलायला लावून थेट गोठ्यात, घोडीसमोर मांडली. "तिला दिसू दे, म्हातारा बसून न्हाई," म्हणाले.

फेट्याशिवाय ते सायकलवर बसत नाहीत. हँडलला दोरीचा लगाम बांधलाय. घोडी चारा खायची थांबून बघत राहते. एकदा घोडेगावचे पाहुणे तब्येत विचारायला आले, तर "थांबा पावणं, बारी सुटलीय, मधी उतरता येत न्हाई," म्हणून त्यांना चहा संपेपर्यंत ताटकळत ठेवलं. आत्या म्हणते, "एवढं पायडल मारत्यात, पर कधी दळण आणलं न्हाई." त्यावर ते गंभीरपणे सांगतात, "ही शर्यतीची हाय. वझ्याची न्हाई."

सगळा खटाटोप होता तो गावच्या यात्रेत पुन्हा घोडीवर बसण्यासाठी. यात्रा तोंडावर आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, घोडी आता कायमची बंद. आतोबा "बरं" म्हणाले. घोडी त्यांनी माझ्या धाकट्या भावाच्या हाती दिली. "लगाम लई वढू नको. तिला समदं कळतं," एवढंच बजावलं.

यात्रेदिवशी त्यांना एकटं सोडून मला घाटाकडे, गाडे पळतात त्या धावपट्टीकडे, जाववेना. शर्यतीचा भोंगा घरापर्यंत ऐकू येत होता. आमच्या बारीचा पुकारा झाला तसे आतोबा उठले, आत्याकडून फेटा बांधून घेतला आणि रिकाम्या दावणीसमोर सायकलवर बसले. भोंग्यावर गाडा सुटल्याचं "भिर्रर्र" झालं. डोळे मिटून ते असे पायडल मारू लागले की मला तिथे उभं राहवेना.

थोड्या वेळाने भाऊ गुलालाने माखलेली घोडी घेऊन आला. आतोबांनी निकाल विचारला नाही. धडक्या हाताने तिच्या मानेवरचा घाम पुसला. त्यांचाही सदरा ओला होता.

"पाणी आण," ते भावाला म्हणाले. "दमलो राव आमी दोघंबी."