वेशीजवळची फुली

लेओंस काब्रोल उभ्या आयुष्यात मौजेखातर म्हणून कधी चालला नाही. अडतीस वर्षं त्याने ग्रामपंचायतीच्या नोकरीत रस्ते सांभाळले. खड्डे भरले, कडेचं गवत कापलं, हिवाळ्यात बर्फ वितळायला चढावर मीठ टाकलं. चालणं म्हणजे त्याच्या लेखी काम. त्यामुळे घरी चांगली गाडी असताना पाठीला सॅक लावून उन्हातान्हात डोंगर चढणारी शहरातली धडधाकट माणसं दिसली, की त्याला त्यांची मनापासून कीव यायची. "ह्यांना घरी कोणी बसू देत नाही का गं?" असं तो गाडीतून पाव विकायला येणाऱ्या बाईला विचारायचा.

आणि अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काम कोणतं घ्यावं, तर ह्याच भटक्यांच्या वाटेवर खुणा रंगवायचं, तेही फुकट. त्याचं झालं असं, की फेरेओल हा त्याचा शाळूसोबती जिल्ह्याच्या वाटांच्या समितीचा अध्यक्ष होता. त्याने एके दिवशी लेओंसच्या हातात ब्रश आणि रंगाचे दोन डबे ठेवले. "तुला इथला दगड न् दगड ठाऊक आहे. बाकीचे माझे सभासद नकाशा हातात घेऊन हरवतात," एवढंच म्हणाला. ओढ्याकाठच्या जुन्या गिरणीपासून ओकच्या रानातून वर पेराब्रूनला आणि पलीकडे खाली, असा नऊ किलोमीटरचा तुकडा लेओंसच्या वाट्याला आला. वर पांढरा पट्टा, खाली तांबडा. वळण आलं की बाण. जिकडे जायचं नाही तिकडे फुली. एप्रिलमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा रंगाचा हात फिरवायचा.

ह्या नऊ किलोमीटरमध्ये एक धडधडीत लबाडी होती आणि ती अख्ख्या पेराब्रूनला ठाऊक होती. आमचं गाव खडकाच्या टोकावर बसलेलं आहे. त्याची सातशे वर्षांची दगडी वेस बघायला लोक कुठून कुठून येतात. आणि खुणांच्या मागे मागे चालत आलेला माणूस त्या वेशीपासून चाळीस पावलांवर पोचला, की समोरच्या दगडावर त्याला ठसठशीत फुली दिसायची. इकडे नाही! बाण त्याला डावीकडे ढकलायचा. तिथून शेवाळलेल्या एकशे बारा पायऱ्या. त्या चढून गेलं की मागची गल्ली. तिथून ना दरी दिसत, ना चर्च. दिसायचं ते अर्मांद तेसेदरचं घर आणि दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या चादरी. तेवढं बघून माणसं धापा टाकत पलीकडे उतरायची आणि गावाबद्दल काय वाटायचं ते मनात ठेवायची.

फुली मुळात खोटी नव्हती. पंधरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात वेशीच्या कमानीचा एक दगड निखळला, ग्रामपंचायतीने वेस तीन महिने बंद केली, आणि लेओंसने नियमाप्रमाणे वाट मागच्या गल्लीने वळवली. त्याच हिवाळ्यात अर्मांदचा नवरा गेला. जिल्बेर दगडी कौलं बसवायचा, मोठा गप्पिष्ट माणूस. तो गेला आणि बाईने खिडक्या उघडणंच सोडलं. पाववाली हॉर्न वाजवून वाजवून निघून जायची. शेजारचं कोणीतरी पाव पिशवीत घालून दाराला अडकवून ठेवायचं. एप्रिलमध्ये लेओंस तिच्या भिंतीवर खूण रंगवत होता, तेवढ्यात दोन डच बाया पायऱ्या चढून आल्या आणि पाणी मागायला त्यांनी सरळ दार ठोठावलं. बराच वेळ काही नाही. मग खिडकी उघडली. विस्कटलेले केस, अंगावर घरातला झगा, हातात जग. पाणी देता देता अर्मांदने त्या दोघींना उन्हात बोडक्या डोक्याने फिरल्याबद्दल असं काही झापलं, की लेओंसच्या हातातला ब्रश तसाच राहिला आणि बुटावर तांबडा रंग ठिबकला.

मे महिन्यात वेस उघडली. फुली खरवडून काढायला हवी होती. त्याने काढली नाही. नुसती काढली नाही असंही नाही. रंग उडाला की तो पुन्हा मारायचा. वर्षातून दोनदा खोटं ताजं करणं ह्याला काही विसरभोळेपणा म्हणता येत नाही.

अर्मांदच्या भिंतीवरची खूण मारायला दहा मिनिटं लागावीत. लेओंसला दीड तास लागायचा. दगड घासायचा, पांढरा द्यायचा, तो वाळायची वाट बघायची, मग तांबडा. ती बाहेरच्या बाकावर अक्रोड आणि अक्रोडाची दारू आणून ठेवायची. मग दोघांचे गुडघे, बोरं कशी आली, खालच्या गावात कोण गेलं, असं सगळं बोलून व्हायचं आणि तो डबे उचलून निघायचा. गावातली माणसं एकमेकांना डोळे मिचकावून म्हणायची, "लेओंसला चर्चचं छत रंगवायला द्या, जन्म जाईल त्याचा." त्याने लग्न केलं नव्हतं. आईचं करता करता ते राहून गेलं होतं, आणि आई गेल्यावर कोणाला काही विचारायची त्याची सवयच मोडली होती.

ह्या वर्षी मात्र फेरेओल लेकीकडे राहायला गेला आणि त्याच्या जागी मायलिस नावाची चौतिशीची मुलगी आली. तिच्याकडे तक्रारी साचल्या होत्या. 'वेस बघायला आलो आणि चादरी बघून परतलो,' असं एकाने लिहिलं होतं. तिने निरोप धाडला, की मंगळवारी तुमच्याबरोबर तुमचा तुकडा चालून बघते. लेओंस मनाशी हिशेब मांडू लागला. वाट सरळ झाली तर मागच्या गल्लीत कुत्रंही फिरकणार नाही. अर्मांद पुन्हा खिडक्या लावून बसली तर? आणि आपण तरी कोणत्या तोंडाने तिथे जायचं?

मंगळवारी मायलिस फोनवर नकाशा बघत भराभर चालत होती. लेओंस मागून येत होता आणि प्रत्येक खुणेपाशी गरज नसताना थांबत होता.

"लेओंस, काम सुरेख आहे हो तुमचं," ती म्हणाली. "अख्ख्या जिल्ह्यात इतक्या सरळ रेघा कोणाच्या नाहीत."

"हं," लेओंस म्हणाला. आज कौतुकही त्याला टोचत होतं.

वेशीपुढच्या दगडापाशी ती थांबली. फुलीकडे बघितलं, फोनकडे बघितलं, समोर सताड उघड्या असलेल्या वेशीकडे बघितलं.

"ही फुली कोणी मारली?"

"मी."

"कधी?"

"पहिल्यांदा पंधरा वर्षांपूर्वी. शेवटची गेल्या ऑक्टोबरात."

"आणि वेस बंद कधी होती?"

"पंधरा वर्षांपूर्वी. तीन महिने."

मायलिस दगडावर बसली. "सांगा," म्हणाली. मग त्याने सांगितलं. जिल्बेरचं, खिडक्यांचं, डच बायांचं. सांगताना तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता. एवढं सलग तो आईच्या दफनानंतर पहिल्यांदाच बोलला असेल.

"अहो, पण हे समितीला कसं सांगू मी?" ती म्हणाली. मग उठली. "चला, आधी बघू तरी बाईंना."

एकशे बारा पायऱ्या झाल्या. अर्मांद दारातच होती, चादरी काढत. मायलिसला बघून तिने न विचारता जग आणला. मायलिस पाणी प्यायली, बाकावर टेकली. तिचा चेहरा बघून लेओंसला वाटलं, जमतंय.

"मी असं करते," मायलिस हळूच त्याला म्हणाली, "दोन वाटा दाखवते. एक वेशीतून, एक इथून. इथली पर्यायी. कोणाची हरकत नसेल."

"माझी आहे," अर्मांद म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं.

"अहो बाई, हलवाच ती वाट इथून! पंधरा वर्षं सोसतेय मी. दुपारी जरा डोळा लागला की दारावर थाप. पाणी द्या. बाथरूम कुठंय. फोन चार्ज करू का. एक जण माझ्या गुलाबांवर मुतून गेला, चांगला प्राध्यापक होता म्हणे! परवा एकीनं खिडकीतून माझा फोटो काढला. मी भाजी सोलत होते. म्हणाली, किती अस्सल! अगं, अस्सल तुझी आजी!"

मायलिसला हसू आवरेना. लेओंस मात्र पांढराफटक पडला होता.

"मग बोलला का नाहीत तुम्ही?" त्याने विचारलं. "पंधरा वर्षांत एकदा तरी बोलायचं."

अर्मांदने चादरीची घडी केली. मोडली. परत केली.

"वाट हलवली असती म्हणजे खूणही पुसली असती," ती म्हणाली. "मग एप्रिलात माझी भिंत रंगवायला कोण आलं असतं? तो प्राध्यापक?"

मायलिसला अचानक आपल्या बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. दोन्ही बुटांची बांधून झाली तरी ती वाकलेलीच होती.

त्या दिवशी करायचं ते काम त्यांनी केलं. वेशीपुढची फुली लेओंसने स्वतः खरवडली आणि तिथे सरळ जाणारा पट्टा मारला. मागच्या गल्लीतली खूण पुसायची तर दगडाच्या रंगाचा करडा रंग द्यावा लागतो. तो मायलिसच्या सॅकमध्ये होता. अर्मांदने डबा धरला, लेओंसने ब्रश फिरवला. वाळायची वाट बघायला नको होती, त्यामुळे सगळं दहा मिनिटांत आटपलं.

"झालं," लेओंस म्हणाला. त्याने ब्रश फडक्याला पुसला. "आता ऑक्टोबरात इथे काही काम नाही माझं."

"नाहीच," अर्मांद म्हणाली. "रविवारी बारा वाजता या. सूप करते. आणि ते डबे घरी ठेवा, माझ्या फरशीवर डाग पडतात."

रविवारी लेओंस वेशीतून आला, सगळ्या गावाच्या देखत, चौकातून, इस्त्रीचा सदरा घालून. डबे नव्हते. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून त्याने ते पाठीमागे बांधले होते. पाववालीने हॉर्न वाजवला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

आत टेबल मांडलेलं होतं आणि त्यावर दोन वाडगे. ज्या घराची भिंत तो तीस वेळा रंगवून गेला होता, त्याच्या आत चूल कुठल्या बाजूला आहे हे त्याला आज कळलं. कोबीचं सूप होतं, बदकाच्या चरबीतलं. तळाशी दोन घोट उरले तेव्हा अर्मांदने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याच्या वाडग्यात तांबडी वाइन ओतली. त्याने वाडगा दोन्ही हातांत उचलला आणि परत खाली ठेवला.

"अर्मांद," तो म्हणाला. "तुम्हाला सोबत व्हावी म्हणून फुली ठेवली, असं मी त्या पोरीला सांगितलं. फेरेओललाही तेच सांगत आलो. स्वतःलाही."

"बरं."

"ते खरं नाही. मला वर यायचं होतं."

अर्मांदने आपल्या वाडग्यातही वाइन ओतली, थोडी जास्तच.

"ते मला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं," ती म्हणाली. "प्या आता. आणि पुढच्या रविवारी जरा लवकर या, कोबी चिरायला माणूस हवाय."