पोचा पडलेला पेला

"बाई, घरच्यांची मीटिंग मंगळवारी असते. नवऱ्याला आत पाठव आणि तू जा."

पहिल्याच दिवशी दारात हे ऐकलं. शिरपूरला एका मंगल कार्यालयाच्या मागे खोली होती. गोलात वीसेक खुर्च्या, खुर्च्यांवर वीसेक पुरुष. बोलणारे होते नाना. मोठे बागायतदार. आठ वर्षं दारूला शिवले नव्हते. खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

मी म्हटलं, "नवरा पीत नाही. मीच पिते."

एक जण फिसकन हसला आणि त्याच्यामागे सगळेच. दारू सुटावी म्हणून जमलेली माणसं एका दारुड्या बाईला हसत होती. मी पदराचं टोक चावत उभी.

नानांनी हात वर केला. "हसू नका रे." गोलात ते पुस्तकी मराठी बोलायचे. मला कामाला लावताना मात्र अहिराणीत. "मांगे नळ शे. बठ्ठा पेला धू. सेवा कर, सुटी जाई."

सगळे पेले धुवायचे, त्या सेवेने दारू सुटेल; मला ते उपकार वाटले. आज त्या माझ्याच शहाणपणाची चीड येते.

मी कापूस वेचणारी. बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली. पहिल्यांदा मोहाची दारू घेतली ती अंग दुखतं म्हणून. मग अंग दुखायच्या आतच घ्यायला लागले. एकदा पोरीच्या शाळेत झेंडावंदनाला पिऊन गेले. पोरगी बाईंना म्हणाली, "ही माझी आई नाही. शेजारची आहे." त्या दिवशी मरायला हवं होतं. मेले नाही, मीटिंगला गेले.

गटाची रीत अशी. नवा माणूस तीन महिने चहाचे पेले धुणार. मग खुर्च्या मांडणार. मग एका रविवारी त्याला मधे बसवून त्याची कहाणी ऐकणार. वर्ष भरलं की हार आणि पेढे. साहेब असो की हमाल, प्रत्येक जण 'भाऊ'. मला हाक होती 'ए'.

माझ्यामागून एक मास्तर आला. दोन रविवार पेले धुतले, तिसऱ्या रविवारी मधे बसून बोलला. रडला. सगळ्यांनी पाठ थोपटली. मी दाराआडून ऐकत होते, हातात फडकं. सहा महिने झाले, आठ झाले, अकरा झाले. मी नळावरच.

एकदा विचारलं, "नाना, मी कधी बोलू?"

"तू बोलशील आणि यांच्या घरी कळेल की इथे बाई बसते. खोली बंद पडेल. चालेल तुला?"

चालणार नव्हतं. त्या खोलीच्या आसऱ्यानेच मी न पिता राहिले होते. ती बंद पडली तर मी परत पिणार, ही भीती माझ्या पोटात होती आणि नानांना ती पक्की ठाऊक होती. माझं वर्ष भरलं. हार नाही, पेढा नाही. कुणी तारीखही विचारली नाही. मी एकवीस पेले धुतले आणि घरी गेले.

पुढच्याच रविवारी बायजा आली.

डोंगराकडच्या पाड्यातली. माझ्याहून लहान. डोळे पिवळे, हात थरथरत होते. ती सरळ नळावर आली, कारण बाई म्हणून दिसले ती मीच.

"अक्का, आठे दारू सुटस का? माले बी बसू देतीन का?"

अक्का. वर्षभरात त्या आवारात मला कोणी नात्याने हाक मारली नव्हती. आणि मी काय केलं? आत बघितलं. नाना माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "थांब. आधी मनासंगे पेला धू."

मी तेच केलं. जे माझ्यावर केलं, तेच तिच्यावर.

तिच्या हातून एक पेला निसटला. फरशीवर आपटला, काठाला पोचा पडला. आतून नाना ओरडले, "आता आणखी एक आणली का? हा काय बायांचा अड्डा आहे?" आणि पुन्हा तेच हसू.

बायजाने हात लुगड्याला पुसले. "जास मी, अक्का." गेली. मी तिच्यामागे धावले नाही. उरलेले पेले धुतले. ही लाज मी कुठे ठेवू, मला अजून कळत नाही.

चार दिवसांनी कळलं, ती धुळ्याला सरकारी दवाखान्यात आहे. त्याच संध्याकाळी प्याली, रक्ताची उलटी झाली. मी एसटीने गेले. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. आता एक घोट जरी घेतला तरी परत इथपर्यंत पोचणार नाही, म्हणाल्या. बायजाने माझा हात धरला. "पेला पडना म्हनीसन त्या लोक चिडनात ना, अक्का?"

तिला वाटत होतं, चूक तिचीच.

"तू ये," मी म्हटलं. "मी खुर्ची ठेवसू."

ती बरी होऊन आली त्या रविवारी मी नळाकडे गेलेच नाही. दोन खुर्च्या उचलल्या, गोलात ठेवल्या. एकीवर बायजाला बसवलं. शेजारच्या मास्तराने आपली खुर्ची सरकवून घेतली.

"चहा?" नाना म्हणाले.

"ज्याचा पेला त्याने धुवावा."

"ए..."

"ए नाही. मी दारुडी आहे. एक वर्ष आणि तीन आठवडे प्याले नाही. मी बोलणार आहे."

बोलले. झेंडावंदनाचंही बोलले. पाठ कोणी थोपटली नाही. नाना किल्ल्यांचा जुडगा मांडीवर आपटत राहिले. खण, खण. माझं बोलणं संपेपर्यंत तो आवाज चालूच होता.

खोलीत एकच नियम सगळ्यात मोठा. इथलं बोलणं इथेच राहील. सोमवारी शेतावर मुकादम म्हणाला, "आज तर चढवून नाही ना आलीस? पोरीची शाळा कशी काय?" सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. मी मान खाली घालून कापूस वेचत राहिले. पुढे आठवडाभर रोज कोणीतरी मोटारसायकल घरासमोर थांबवायचं, काही न बोलता बघायचं आणि निघून जायचं. पोरीने दार लावून घ्यायला सुरुवात केली.

रविवारी चार वाजता मी आणि बायजा खोलीवर गेलो. दाराला कुलूप. आवारात माणूस नाही. मीटिंग दुसरीकडे हलवली होती, आम्हाला सोडून.

पायरीवर दोन पेले ठेवले होते. काठोकाठ भरलेले.

वास लांबूनच आला. मोहाची. एका पेल्याच्या काठाला पोचा होता.

तो पेला बाहेरच्या कुणाकडे असायचं कारणच नव्हतं. हे ठेवणाऱ्याला ठाऊक होतं की एका घोटात काय होतं. तो स्वतः त्यातून गेलेला होता. म्हणूनच त्याने शिव्या नाही दिल्या, मारायला माणसं नाही पाठवली. नुसते दोन पेले ठेवले.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं का सांगू? सुटलं. तेवढ्यात बायजाचा हात पुढे गेला. मी तिचं मनगट धरलं. ती ओढत होती, मी ओढत होते. ती रडायला लागली. मी पायाने दोन्ही पेले उडवले. दारू मातीत गेली.

मग त्याच पायरीवर बसलो. कुलपाला पाठ लावून. बायजाचं मनगट माझ्या हातातच होतं. मी म्हटलं, "बोल."

"काय बोलू, अक्का?"

"नाव सांग. मंग जे शे ते सांग."

तिने सांगितलं. अडखळत, नाक पुसत, पण शेवटपर्यंत. गेटाबाहेर मोटारसायकल थांबलेली होती, इंजिन चालूच. मी तिकडे मान वळवली नाही.

पुढच्या रविवारी इथे काय ठेवलेलं असेल, मला माहीत नाही. भीती वाटते. रोज वाटते. पण रविवारी चार वाजता मी याच पायरीवर बसणार. जी येईल, जो येईल, त्याला आधी जागा, मग बोलणं. कोणालाही नळाकडे पाठवणार नाही.

ते दोन पेले अजून तिथेच मातीत पडले आहेत. ज्याने भरले, त्याने येऊन उचलावेत. मी धुणार नाही.