नाल्याकाठची पॉलिसी

विम्याच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. लोक फॉर्मबरोबर ते घेऊनच येतात. फॉर्म आम्ही स्कॅन करून मुंबईला पाठवतो, किस्से मात्र इथेच राहतात. इंदूरच्या पलासिया भागात एका कोचिंग क्लासच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एजंट दिघे काका, मी, आणि एक प्रिंटर, जो फक्त काकांचं ऐकतो. मी रिन्यूअल बघते. म्हणजे ज्यांची पॉलिसी संपत आली त्यांना फोन करून आठवण करून द्यायची, बस! पूर्वी हे काम सोपं होतं. हल्ली माझा फोन गेला की लोक आधी माझ्यावर रागावतात, मग मुलांची चौकशी करतात, आणि आकडा ऐकला की पुन्हा रागावतात.

रागावण्याचं कारण म्हणजे घराच्या विम्याचा हप्ता. दरवर्षी वर चढतोय. महिनाभराचा पाऊस हल्ली दोन दिवसांत पडून मोकळा होतो, आणि नाल्याचं पाणी नाल्यात राहत नाही. कंपनीने मुंबईत बसून इंदूरचा नकाशा रंगवलाय. जिथे पाणी भरतं तो भाग लाल. लाल भागात राहणाऱ्यांना फोन करायची वेळ आली की मी आधी चहा पिऊन घेते.

*

आधी घराचा विमा कुणी घ्यायचंच नाही. गाडीचा घ्यायचे, कारण पोलीस विचारतो. काका बिचारे गाडीच्या पॉलिसीबरोबर घराचं माहितीपत्रक पिन लावून द्यायचे आणि लोक ते मागे हिशेब करायला वापरायचे.

एक गृहस्थ होते, पोलोग्राउंडला त्यांचं लेथचं वर्कशॉप. स्कूटरचा विमा न चुकता भरायचे. काका दरवर्षी त्यांना विचारायचे, घराचं काय? ते म्हणायचे, "दिघेजी, घर कुठे पळून जाणार आहे?"

एका ऑगस्टमध्ये ते स्वतःच आले. पायजमा पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेला. पंख्याखाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "घर जागेवरच आहे. आतलं सगळं पळालं."

काका इतक्या वर्षांत एकदाही कुणाला "मी सांगितलं होतं" असं म्हणालेले नाहीत. तेव्हाही नाही म्हणाले. फक्त फॉर्म काढला.

*

गेल्या वर्षी एका निवृत्त गणिताच्या सरांना मी वाढलेला हप्ता सांगितला. त्यांनी मला विचारलं, पाणी किती महिने येतं? मी म्हटलं, जून ते सप्टेंबर. सर म्हणाले, म्हणजे चार. मग मी बारा महिन्यांचा हप्ता का भरू?

मी फोन काकांना दिला. त्यांनी मुंबईला विचारलं. मुंबईने सांगितलं, असं चार महिन्यांचं काही होत नाही, पॉलिसी वर्षाचीच असते.

सरांना मी तसं कळवलं. ते म्हणाले, "ठीक आहे. बाकीचे आठ महिने कंपनीने कशाची भीती घालायची ठरवलीय, तेवढं लेखी पाठवा."

आम्ही मुंबईला तसं पत्र टाकलं, त्याची प्रत अजून फाइलला आहे. मुंबईहून उत्तर आलेलं नाही. सरांनी हप्ता मात्र भरला.

*

पत्ता बदलून देता का, हे विचारणारे तर आठवड्याला एक-दोन असतातच. घर लाल भागात, सासर किंवा भाऊ बिनरंगाच्या भागात. मग म्हणायचं, कागदावर भावाचा पत्ता टाका ना, आपल्याला काय फरक पडतो.

काका एरवी मवाळ माणूस. अशा वेळी ते पेनचं टोपण लावतात आणि सांगतात, "टाकतो ना. पण मग पाणी भावाकडे गेलं तरच पैसे मिळतील, आणि तेही भावाला."

एका बाईंनी यावर खरंच विचार केला. म्हणाल्या, नको, भावाला नको.

*

आता सुनंदाताईंचं सांगते. सुनंदा मोरे परदेशीपुऱ्यात राहतात, नाल्याला लागून असलेल्या एका गल्लीत. पुढे शिवणाचे क्लास, मागे राहायचं. नवरा गेल्यावर त्यांनी ते क्लास सुरू केले. आता बारा मशिनं आहेत आणि गल्लीतल्या निम्म्या मुली ब्लाउज शिवायला त्यांच्याकडेच शिकल्या. पहिल्यांदा पाणी घुसलं तेव्हा सगळी मशिनं बुडाली होती. आमच्या पॉलिसीचे पैसे आले म्हणून क्लास पुन्हा उभे राहिले. तेव्हापासून त्या हप्ता शेवटच्या तारखेपर्यंत कधी ठेवत नाहीत.

यंदा कंपनीने सांगितलं, लाल भाग आहे, रिन्यूअलच्या आधी सर्व्हेयर घर बघून येईल. सर्व्हेयर म्हणजे व्यासजी. बारीक अंगाचे, हातात टेप आणि क्लिपबोर्ड, ड्युटीवर कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत. काकांनी सुनंदाताईंना फोनवर समजावलं होतं, विचारतील तेवढंच सांगा, जास्त बोलू नका. मी सोबत गेले होते.

ताई काही जास्त बोलल्या नाहीत. पण इंदूरच्या गल्लीत पाहुणा आला आणि गल्ली गप्प बसली असं होत नाही. आधी पोहे आले. मग जिलेबी. व्यासजी नको नको म्हणत होते, पण प्लेट त्यांच्या क्लिपबोर्डवरच ठेवली गेली. मग समोरच्या घरातले यादवजी आले. ते दूध डेअरीतून रिटायर झालेले, गल्लीतले थोर माणूस.

व्यासजींनी भिंत पाहून विचारलं, पाणी साधारण कुठवर आलं होतं? ताईंनी दिवाळीत भिंत रंगवलेली, खूण काही दिसत नव्हती. त्या म्हणाल्या, गुडघ्यापर्यंत असेल.

यादवजींना ते सहन झालं नाही. "अरे नहीं साहब! ये पेंट तो बाद का है. पानी यहाँ था, ये स्विचबोर्ड तक. हमने अपनी आँख से देखा है."

तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे तर खिडकीच्या वर होतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला राग आला, तुमच्याकडे कसलं खिडकीच्या वर, आमच्याकडे फ्रिज तरंगला होता. प्रत्येक जण आपल्या घरचं पाणी दुसऱ्यापेक्षा चार बोटं वर नेत होता आणि व्यासजी लिहीत होते. मी यादवजींना डोळ्यांनी खुणावत होते. त्यांना वाटलं मी कौतुक करतेय.

"लिखो साहब, बिलकुल सही लिखो," ते म्हणाले. "और जलेबी लो."

*

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. पाणी वारंवार आणि स्विचबोर्डपर्यंत येत असल्याने या घराची पॉलिसी पुढे चालू ठेवता येणार नाही. नुकसान टाळायची काही खात्रीशीर व्यवस्था असेल तर कळवावी, फेरविचार होईल.

सुनंदाताई ऑफिसला आल्या. पत्र मी वाचून दाखवलं. पॉलिसी नाही म्हणजे पुढच्या पाण्यात मशिनं गेली की गेली, आणि मशिनं गेली की घरात येणारा एकमेव पैसा गेला. हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी पत्र घडी घालून पिशवीत ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, हा ब्लाउज कुणी शिवला? खांदा उतरून राहिलाय. सोमवारी आणा, मी ठीक करून देते."

त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत गेला.

*

फेरविचाराचा एक फॉर्म असतो. त्यात एक रकाना आहे, नुकसान टाळण्यासाठी केलेली व्यवस्था. लोक त्यात लिहितात पंप, भिंत, लोखंडी फाटक, अलार्म. ताईंकडे यातलं काही नव्हतं. काका म्हणाले, जे आहे ते खरं खरं लिहा, बाकी मी बघतो. ताई फॉर्म घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आला तेव्हा रकाना भरून मागची बाजूही भरलेली होती. बारा नावं होती. एक नंबरचं मशीन अमुक, दोन नंबरचं तमुक. मला वाटलं त्या विद्यार्थिनींची यादी चुकून जोडून बसल्या.

फोन केला तेव्हा कळलं. पहिलं पाणी येऊन गेल्यावर गल्लीनेच ठरवलं होतं. प्रत्येक मशीनवर ऑइलपेंटने नंबर टाकला, आणि प्रत्येक नंबर गल्लीतल्या एकेकाला वाटून दिला. नाला चढायला लागला की ज्याने त्याने आपलं मशीन उचलायचं आणि समोर यादवजींच्या माडीवर नेऊन ठेवायचं. त्यानंतर दोनदा पाणी आलं. घरात शिरलं, भिंत ओली झाली, पण मशीन एकही भिजलं नाही. म्हणूनच त्यांनी त्या दोन्ही वेळी क्लेम केला नव्हता. कंपनीच्या नकाशात पाणी होतं, ही माणसं नव्हती.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी पुछलंच नाही," त्या म्हणाल्या. "पाणी किती आलं, तेच पुछत होते."

*

काकांनी फॉर्म जसाच्या तसा पाठवला. चार दिवसांनी मुंबईहून एका मुलीचा फोन आला. आवाजावरून नवीन नोकरीला लागलेली वाटली. तिने काकांना विचारलं, सर, ही बारा माणसं कोण, ही एखादी संस्था आहे का? तिची नोंदणी झालीय का?

काका म्हणाले, "नाही बेटा. गल्ली आहे."

तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, व्हेरिफाय करावं लागेल.

म्हणजे पुन्हा व्यासजी. या वेळी त्यांनी पोह्यांना आधीच हात जोडले, गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि यादीतलं एकेक नाव पुकारायला लागले. दारांतून, जिन्यांवरून, कुणी दाढीचा साबण तसाच लावून, माणसं येत गेली. जो तो आपल्या नंबरपाशी जाऊन उभा राहिला. व्यासजींनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, चला, उठाओ.

यादवजी सगळ्यात पुढे होते. स्विचबोर्डचं त्यांना नंतर कुणीतरी समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून ते ताईंच्या दारासमोरून जाताना मान खाली घालून जायचे. त्या दिवशी त्यांनी सात नंबर उचललं, माडीवर नेऊन ठेवलं आणि तसेच खाली येऊन दुसऱ्याचं उचलायला लागले. व्यासजींनी त्यांना थांबवलं. प्रत्येकाने फक्त आपापलंच उचलायचं, तसंच लिहिलंय.

बारावं मशीन वर गेलं तेव्हा व्यासजींनी पुन्हा घड्याळ पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, आता द्या जलेबी.

*

पॉलिसी आली. हप्ता वाढूनच आला, त्यात काही दयामाया नव्हती. पण आली. मी ताईंना फोनवर सांगितलं तर पलीकडून मशिनांचा आवाज बंद झाला. मग ताई म्हणाल्या, सोमवारी तुम्ही ब्लाउज आणलाच नाही.

फक्त पॉलिसीच्या शेवटच्या पानावर मुंबईच्या त्या मुलीने एक अट टाकली होती. पंप लावला असेल तर पंप चालू ठेवला पाहिजे, अशी अट असते. त्याच धर्तीवर तिने लिहिलं होतं, खाली नमूद केलेल्या व्यक्ती पॉलिसीच्या काळात उपलब्ध असल्या पाहिजेत. खाली बारा नावं, नंबरसकट. इतक्या वर्षांत मी अशी अट पाहिली नव्हती. काकांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि त्याची झेरॉक्स काढून घेतली. ताईंनी ते पान गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं असणार.

जुलै संपता संपता एक दिवस दुपारी यादवजी आमच्या ऑफिसात आले. दोन जिने चढून धाप लागलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. सोबत एक धिप्पाड माणूस, तो दारातच उभा राहिला. यादवजींना मी खुर्ची दिली. ते बसले, पण टोकावर. काकांनी विचारलं, क्या हुआ यादवजी?

यादवजी म्हणाले, मुलीची डिलिव्हरी आहे, उज्जैनला. बीस दिन के लिए जाना पड़ेगा. घरवाली ऐकत नाही.

काका म्हणाले, अरे वा, जाओ ना. यात विचारायचं काय?

यादवजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. रीतसर अर्ज होता. वर हिंदीत 'सेवा में', खाली कंपनीचं नाव. त्याला एक आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो पिन केलेले.

"सात नंबर मेरे नाम पे है," ते म्हणाले. "ये मेरे साले हैं, देवास से बुलाए हैं. बीस दिन के लिए इनका नाम चढ़ा दो. मशीन उठवा के देख ली है."

काकांनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. मेव्हणा जरा पुढे आला.

"चार बार उठवाई है, भिया," तो म्हणाला.