बंद पाडलेलं डोकं

गुरुजींनी माझ्या हातातला खडू दोन बोटांनी ओढून घेतला आणि खिडकीतून बाहेर फेकला. खोक्यातून नवा काढला. मंग फळ्यावर उत्तर स्वतःच लिहिलं. अडुसष्ट.

"सतरा चोक येत न्हाई तुला? तुमच्या लोकांच्या डोक्यात गणित कधी शिरलंय? जा, दाराजवळ बस."

वर्ग हसला. सातवीचा वर्ग, भोकरदनजवळची शाळा. मी दाराजवळ जाऊन बसले. चपलांशेजारी.

आता खरं सांगते. त्याच दिवशी सकाळी मी अडुसष्ट काढले होते. शाळेच्या आधी आई मला कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर न्यायची. नर फुलाचा पराग मादी फुलांवर टेकवायचा, एवढंच काम. ओळीला चार नर फुलं लागायची आणि ओळी होत्या सतरा. मुकादमानं विचारलं, "किती फुलं तोडू गं?" मी चालता चालताच सांगितलं, अडुसष्ट. तो म्हणाला, "बराबर."

दोन तासांनी फळ्यापुढं तोच हिशोब. कानात नुसता गुंईऽऽ आवाज. सतरा हा आकडा मला दिसत होता, पण त्याचा अर्थच लागंना.

त्या दिवसापासून गणिताच्या तासाआधी माझं पोट दुखायचं. रोज. आई म्हणायची, काही वंगाळ खाल्लं असशील. प्लॉटवर मात्र पोट कधी दुखलं न्हाई. डोकं तर एकच होतं. तिकडं चालायचं, इकडं बंद पडायचं. मी मात्र एकच गोष्ट धरून बसले, की आपण ढ आहोत. दुसऱ्यांदा परीक्षा दिल्यावर दहावीचं गणित काठावर सुटलं. मनात डॉक्टर व्हायचं होतं. ते मी कधी कुणाला सांगितलंच न्हाई. गणिताला भिणाऱ्या पोरीनं काय सांगायचं? कला शाखा घेतली, डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका झाले.

तीन वर्षांपूर्वी तालुक्याला आमचं प्रशिक्षण होतं. एका बाईंनी पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं. म्हणाल्या, "लेकरू घाबरलं की मेंदू आधी जीव वाचवायच्या मागे लागतो. आठवणं, विचार करणं बाजूला पडतं. अपमानात शिकणं होत नाही." आजूबाजूचे शिक्षक मोबाईल बघत होते. चहाची वाट बघत होते.

मला रडू आलं न्हाई. राग आला. एवढी साधी गोष्ट. आणि ती मला इतक्या उशिरा कळते? माझी ती सगळी वर्षं कुणी भरून द्यायची?

त्याहून वाईट पुढं होतं. मला आठवलं, मागच्याच आठवड्यात मी माझ्या वर्गात एका पोराला 'दगड' म्हणाले होते. छडी नुसती टेबलावर आपटली होती. मारली न्हाई, असं स्वतःला समजावलं होतं. म्हणजे गुरुजी माझ्यातही येऊन बसले होते. घरी आल्यावर जेवण गेलं न्हाई.

मंग गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेत तपासणी आली.

माझ्या चौथीच्या वर्गात कोमल आहे. पारधी वस्तीवरची. तिच्या घरी बूट घालून येणारा माणूस म्हणजे पोलीस. तो आला की घरातल्या कुणालातरी घेऊन जातो. मला हे तिनंच सांगितलंय, अगदी हळू आवाजात. वाचायलाही ती तशीच शिकली, माझ्या कानाशी. आदल्या दिवशी तिनं मला धड्याचं अख्खं पान वाचून दाखवलं होतं.

तपासणीचे साहेब बूट वाजवत आत आले. नेमकं तिलाच उठवलं. "वाच." कोमल पुस्तक धरून उभी. ओठ हलत न्हाईत.

साहेबांनी हजेरीत तिचं आडनाव बघितलं. "पारधी वस्ती का? मग बरोबर आहे. यांच्याकडून काय अपेक्षा करायची?" मंग माझ्याकडं बघून हसले. "तुम्हीही कोट्यातूनच आला असाल, मॅडम. मग हिची तक्रार तरी मी कुणाकडे करणार?"

मुख्याध्यापक सर खाली बघून हसले.

माझ्या कानात परत तोच आवाज. मी छत्तीस वर्षांची बाई, आणि तोंडात शब्द न्हाई. पण या वेळी मला माहीत होतं, हे काय होऊन राह्यलंय. मी ढ नव्हते. मी घाबरले होते.

मी म्हणाले, "साहेब, मला आत्ता बोलता येऊन न्हाई राह्यलं. पण थांबा. मी बोलणार आहे."

मी बाटलीतलं पाणी प्याले. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"या पोरीला वाचता येतं. तुमच्यापुढं येत न्हाई. तुम्ही तिची न् माझी जात काढली, ते शेरेबुकात लिहा. तुम्ही लिहीत नसाल तर मी लिहिते."

त्यांनी लिहिलं न्हाई. मंग ते गेल्यावर मी लिहिलं. त्यांचे शब्द, जसेच्या तसे. खाली माझी सही.

आठ दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, माफीचे चार शब्द लिहून द्या. मिटवून टाकू. तुमच्याच पोटावर कशाला आणता?" स्टाफरूममध्ये माझ्याशेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. आणि कोमल? ती पंधरा दिवस शाळेत आलीच न्हाई. मी वस्तीवर दोनदा गेले, तेव्हा आली. आता परत फक्त माझ्या कानाशी वाचते. दुसरं कुणी आलं की बंद. साहेबांना दोन वाक्यं बोलायला अर्धं मिनिट लागलं. तिला किती वर्षं लागतील, मला माहीत न्हाई.

नोटिशीला मी उत्तर दिलं आहे. त्यात माफी न्हाई. बदली करा, पगार थांबवा, मी लिहिलेलं एकही अक्षर मागं घेणार न्हाई.

माझ्या वर्गात लेकराला भीती घालून कुणी प्रश्न विचारणार न्हाई. साहेब असो, गुरुजी असो, न्हाई तर मी स्वतः. जो घालेल, त्याचं नाव मी लिहीन. माझं असलं तरी.