तिसरी हाक

परळच्या ज्या कॉलेजात मी आज खेळ शिकवते, त्याच कॉलेजात मी शिकले आणि तिथेच कुस्ती खेळले. मॅटही तीच आहे, फक्त आता तिला जागोजागी चिकटपट्ट्या आहेत. सराव संपून मुली गेल्या की मी मॅट पुसायला घेते, आणि पुसता पुसता मानेवर हात पडतो. गरम, घामट, जड हात. मी वळून बघत नाही.

आमचं घर बौद्ध. भूत, नजर, उतारा असलं काही आमच्याकडे चालत नाही. वडील तर त्यावरून अख्ख्या चाळीबरोबर भांडायचे. त्यांच्या मुलीला कुणी झपाटावं, तेही जिवंत माणसानं, हा विनोदच म्हणायचा. कारण जिचा तो हात आहे ती धडधाकट आहे आणि इथूनच जवळ एका काचेच्या इमारतीत नोकरी करते.

तेव्हा आमच्या संघात आम्ही चौघी होतो. चार मुली असतील तरच मुलींचा संघ, असा कॉलेजचा नियम होता. तीन झाल्या की मॅट गुंडाळा. त्यामुळे चौथी मिळवायला आमचे कुस्तीचे सर दरवर्षी वणवण करायचे. कबड्डीतली एखादी, एनसीसीतली एखादी पकडून आणायचे आणि म्हणायचे, "अगं, पडायचंच तर आहे, त्यात काय एवढं!" सर साताऱ्याकडचे, लाल मातीत वाढलेले. असा माणूस पोरींपुढे हात जोडायचा, तेव्हा मला हसू यायचं आणि कॉलेजचा संतापही यायचा. माहितीपत्रकावर आमचे फोटो छापायला कॉलेजला हवे असायचे, पण फीमधला रुपया सोडवत नव्हता. सवलत एकच होती. स्पर्धेत पदक आणलं तर पुढच्या वर्षीची फी माफ.

जिचा तो हात, ती लालबागची, मूळ मालवणची. "तुम्ही मासे खाणारी माणसं कुस्ती काय खेळणार?" असं सरांनी तिला पहिल्या दिवशी विचारलं. तिनं एकेरी पट काढला, म्हणजे माझा एक पाय उचलून मला आडवं केलं. आमचं वजन सारखं, म्हणून आमची जोड लागली. कुस्तीत जोडीशिवाय काही होत नाही. धावणं एकटीनं होतं, दोरीच्या उड्याही होतात, पण डाव शिकायचा तर समोर माणूस लागतो. दीड वर्ष रोज, कुस्तीच्या सुरुवातीला एकमेकींचा अंदाज घेतात त्या खडाखडीला, तिचा उजवा हात माझ्या मानेवर असायचा. पण एका वजनगटात कॉलेजची एकच मुलगी उतरते, आणि ती माझ्याहून सरस होती. म्हणून मी केळी आणि भात चेपून वरच्या गटात गेले.

तिची एक खोड होती. पहिल्या दोन हाकांना ती ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याला मारता येत नाही, तेव्हा तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, असं तिच्या आईनं लहानपणीच बजावलेलं. भर दुपारी सर बोंबलतायत आणि ही शांतपणे बुटाची नाडी बांधतेय!

"अगं, भूत काय गळ्यात शिट्टी घालून फिरतं?" मी विचारायचे.

"फिरता काय नाय, तुका काय म्हायत?" ती म्हणायची.

स्पर्धेतही तसंच. तिथे नाव तीनदा पुकारतात. तिसऱ्या पुकाराला मुलगी आली नाही तर समोरचीला पुढे चाल मिळते, म्हणजे न लढता विजय. ही तिसऱ्यालाच उठायची. सर कपाळावर हात मारायचे, आम्ही हसायचो.

दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांची नोकरी गेली. फीचा दुसरा हप्ता थकला, आणि ती मिलच्या जागेवर झालेल्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लागली. सराव सुटला. सरांनी तरी तिचं नाव पाठवलंच. "पदक आलं तर पोरगी कॉलेजात राहील," ते मला म्हणाले. तिच्या गटात दोनच नावं आली होती. मुलीच एवढ्या कमी की बऱ्याच गटांत हीच गत असायची. दोघींत पदक एकच, एक कुस्ती जिंकली की सुवर्ण. समोरच्या मुलीला हिनं आदल्या वर्षीच चितपट केलं होतं. आता तिनं नुसतं यायचं होतं.

स्पर्धा माटुंग्याला होती. सकाळी वजन द्यायला ती आली, काट्यावर उभी राहिली, वजन बरोबर भरलं. "दुकानात तोंड दाखवून येते," म्हणाली. जाताना तिनं माझ्या मानेवर हात टाकला, खडाखडीत टाकायची तसाच.

दुपारी तिचं नाव पुकारलं. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी हसले. दुसरा पुकार झाला तेव्हा मी केळं सोलत होते. दुसऱ्या कुठल्याही मुलीसाठी आम्ही एव्हाना आरडाओरडा केला असता, कुणीतरी गेटकडे पळालं असतं, सरांनी पंचांच्या विनवण्या केल्या असत्या. हिच्यासाठी कुणी जागचं हललं नाही. तिसरा पुकार झाला आणि मी दाराकडे बघितलं, कारण आता ती यायची होती. दार सताड उघडं होतं आणि त्यात कुणी नव्हतं.

पंचांनी समोरच्या मुलीचा हात वर केला. ती मॅटच्या मधोमध एकटीच, रडवेली उभी होती. मला त्या दिवशी वरच्या गटात पदक मिळालं आणि माझी फी माफ झाली.

त्याच आठवड्यात मी भांडायला तिच्या दुकानात गेले. ती जीन्सच्या घड्या घालत होती.

"आली का नाहीस?"

"आले होते. दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होते. तिन्ही पुकार ऐकले."

"मग? जिंकली असतीस गं!"

"तेच ना. माफी पुढच्या वर्षीची. या वर्षीची कोण भरणार? गळ्यात मेडल बघितलं असतं ना, तर बाबांनी गावची कलमं विकली असती. तेवढीच आंब्याची झाडं राहिलीत आमची." मग घडी मोडून ती पुन्हा घालत म्हणाली, "आणि मुद्दाम हरायला मला जमलं नसतं."

मी न भांडताच परत आले. पुढच्या वर्षी आम्ही तिघीच उरलो आणि मॅट गुंडाळली गेली. नोकरी लागल्यावर मीच ती सोडवून अंथरली. आजही माझ्याकडे तीनच मुली आहेत आणि चौथीसाठी वणवण मी करते. फी किती झाली आहे ते सांगायची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात परळच्या पुलावर ती दिसली. पाठमोरी, गळ्यात ऑफिसचं कार्ड. मी नावानं हाक मारली. ती चालत राहिली. दुसरी मारली, तेव्हा तिची चाल मंदावली आणि खांदे किंचित खाली आले, पट काढण्याआधी यायचे तसे. तिला ऐकू गेलं होतं. ती तिसऱ्या हाकेची वाट बघत होती.

तिसरी हाक मी मारली नाही. तिसऱ्यालाही ती आली नाही तर, अशी भीती वाटली. ती कठड्यापाशी क्षणभर थांबली, वळली नाही, आणि मग झपझप निघून गेली. दोनदाच हाक कोण मारतं, हे तिला लहानपणीच सांगितलेलं होतं.